झाड ओळखायचंय? फुलासाठी थांबू नका

फुलं वर्षातून काही दिवसच असतात. साल बारा महिने समोर असते. म्हणून सोबत येणाऱ्यांना मी आधी खोडाशी नेतो.

ऐनाची साल काळपट, खोल चिरा पडून चौकोनी तुकडे झालेली, थेट मगरीची पाठ. खात्रीसाठी पान उलटं करा, देठाजवळ मधल्या शिरेवर बारीक गाठी दिसतात. अशा गाठी अर्जुनालाही असतात, पण त्याची साल गुळगुळीत, पांढुरकी असते आणि तो बहुधा ओढ्याकाठी भेटतो. पळस आणि पांगारा, दोघांचीही पानं त्रिदली. फांदी नीट बघा, काटे असले तर पांगारा.

उंबरापाशी मात्र मी सगळ्यांना बराच वेळ थांबवतो. एक पान तोडलं की पांढरा चीक येतो. कोवळ्या डहाळीवर प्रत्येक पेराशी गोल कडं दिसतं. कळीचं आवरण गळून पडल्याची ती खूण. वड-पिंपळालाही ती असते. त्यात फळं थेट खोडाला लगडलेली असली की उंबर. फक्त पानं समोरासमोर आणि खरखरीत निघाली तर तो काळा उंबर. (अनोळखी झाडाचा चीक अंगाला लावू नका. बिब्ब्याच्या रसाने फोड येतात.)

उंबराची फुलं फळाच्या आतच असतात. इवली गांधीलमाशी आत शिरून अंडी घालते, परागीभवनही तीच करते. तिची पिढी जगायची तर आसपास कुठलं ना कुठलं उंबर फळांवर असावंच लागतं, आणि सगळी उंबरं एकाच वेळी फळत नाहीत. म्हणूनच बाकी जंगलात खायला काही नसतं तेव्हाही इथे पंगत असते. हरियल, तांबट, धनेश दिवसा येतात, वटवाघळं आणि उदमांजर रात्री, खाली सांडलेल्यावर भेकर. माझ्या लेखी जंगलातलं सगळ्यात मोलाचं झाड हेच.

कोण येतं हे स्वतः बघायचं तर उजाडायच्या आत, झाडापासून लांब, आडोशाला बसा. झाडाखालीही बघा: अर्धी खाल्लेली फळं, पायांचे ठसे, विष्ठेतल्या बिया. वहीत झाडाच्या नावासोबत महिना आणि पाहुणे लिहा. वठलेली झाडंही वगळू नका. त्यांच्या ढोलीत पोपट, पिंगळे घरटी करतात, आणि ढोल्यांची नोंद हिवाळ्याअखेरीस, पानगळ झाल्यावर, सगळ्यात सोपी जाते.