चांगला पिझ्झा आणि खरोखर तिथेच केलेलं सूप मिळणारं ठिकाण कसं शोधावं

पिझ्झा आणि सूप या दोन्ही पदार्थांचा बराचसा निकाल गिऱ्हाईक दारात पाऊल टाकण्याच्या आधीच लागलेला असतो. पिझ्झ्याचं पीठ निदान रात्रभर आंबावं लागतं आणि सुपाचा स्टॉक, म्हणजे हाडं किंवा भाज्या उकळून काढलेला रस, बराच वेळ मंद आचेवर राहावा लागतो. हे काम झालेलं नसेल तर ऐन वेळी वरून कितीही चीज किंवा क्रीम घातलं तरी उपयोग नसतो. त्यामुळे जागा शोधताना सजावट आणि टॉपिंगची लांबलचक यादी बाजूला ठेवा आणि आधी झालेल्या कामाच्या खुणा शोधा.

१. घरबसल्या पहिली चाळणी

नकाशाच्या अ‍ॅपवर जवळची ठिकाणं काढा, पण सरासरी ताऱ्यांवर थांबू नका. अभिप्राय 'नवे आधी' या क्रमाने लावा. आचारी बदलला की चव बदलते आणि तीन वर्षांपूर्वीचं कौतुक आज काही सांगत नाही. पाच तारेवाले आणि एक तारेवाले दोघेही बहुतेकदा भावनेच्या भरात लिहितात. तीन-चार तारे देणारे मात्र काय जमलं आणि काय बिघडलं ते नेमकं सांगतात. अभिप्रायांमध्ये 'सूप', 'तळ', 'कच्चा', 'वातड' असे शब्द शोधून बघा.

हॉटेलने टाकलेल्या फोटोंपेक्षा गिऱ्हाइकांचे फोटो कामाचे. कापलेल्या तुकड्याची कड आतून दिसते का ते बघा. लहानमोठ्या, वेड्यावाकड्या पोकळ्या दिसल्या तर पीठ नीट आंबलेलं आहे. पावासारखी एकसारखी बारीक जाळी असेल तर पीठ घाईचं किंवा यंत्राने दाबलेलं असण्याची शक्यता जास्त.

मग मेनू. एकाच छोट्या किचनमधून पाच देशांचे शंभर पदार्थ निघत असतील तर पिझ्झ्याचा बेस बहुधा तयार विकत आणलेला असतो. सुपाचंही तसंच. बाराही महिने छापील यादीत दहा सुपं असतील तर दहा पातेली शेगडीवर नक्कीच नसतात. एकतर पाकिटातली पावडर आहे, नाहीतर एकाच स्टॉकवर दहा फोडण्या. यातला दुसरा प्रकार वाईट नाही, स्टॉक खरा असेल तर उत्तमच. तरीही फळ्यावर खडूने लिहिलेलं एखाद-दुसरं 'आजचं सूप', जे उद्या बदलतं आणि कधीकधी संपतंही, ती जास्त भरवशाची खूण. 'पीठ संपलं, आज पिझ्झा बंद' अशी तक्रार अभिप्रायात दिसली तर ते ठिकाण यादीत वर न्या. पीठ मोजूनमापून आदल्या दिवशी मळलं जातं, म्हणूनच ते संपतं.

मेनूवरच्या 'होममेड' शब्दावर मात्र फार विसंबू नका. बहुतेक ठिकाणी त्याला कायद्याचं बळ नसतं. फ्रान्समध्ये २०१४ पासून 'फे मेझाँ' म्हणजे 'इथेच केलेलं' या खुणेसाठी नियम आहेत, पण तो अपवाद. एरवी पाकीट तिथेच उघडलं एवढ्यावरही कुणी 'होममेड' लिहू शकतं.

२. पिझ्झा कोणत्या घराण्याचा, ते आधी ओळखा

निम्म्या वाईट अभिप्रायांचं मूळ इथे असतं. माणूस एका प्रकाराची अपेक्षा घेऊन जातो आणि समोर दुसराच येतो.

नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा साधारण ४३० ते ४८० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत भाजला जातो. त्याचा व्यास ३५ सेंटिमीटरच्या आत असतो, कड फुगलेली आणि काळ्या ठिपक्यांची, मध्यभाग मऊ आणि ओलसर. तुकडा हातात धरला की टोक लोंबतं. हा दोष नाही, तो असाच असतो. या पद्धतीचे नियम सांभाळणारी संघटना नेपल्समध्ये १९८४ मध्ये स्थापन झाली. तिचं प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं तर पद्धत कोणती ते कळतं. त्या दिवशीचा पिझ्झा कसा निघेल याची हमी त्यात नसते.

न्यूयॉर्क पद्धतीत ओव्हन साधारण २६० ते ३१५ अंशांवर असतो आणि पिझ्झ्याला सहा ते दहा मिनिटं लागतात. तुकडा मोठा, पातळ, मधोमध दुमडून खाण्याजोगा. दुमडल्यावर तळ किंचित कुरकुरला पाहिजे, पण तुटता कामा नये. डेट्रॉइटचा पिझ्झा चौकोनी लोखंडी साच्यात होतो. त्याच्या कडेला चीज साच्याला चिकटून खरपूस झालेलं असतं आणि ती कडच त्याची मजा. शिकागोच्या खोल पिझ्झ्यात चीज खाली आणि टोमॅटो वर असतो. तो पूर्ण भाजायला अर्धा ते पाऊण तास लागतो. ऑर्डर दिल्यावर दहा मिनिटांत तो टेबलावर आला तर आधी अर्धवट भाजून ठेवलेला होता असं समजा.

३. फोन करून दोन प्रश्न विचारा

दुपारच्या आणि रात्रीच्या गर्दीच्या मधल्या वेळेत फोन करा. ऐन गर्दीत कुणीही धड उत्तर देणार नाही.

पहिला प्रश्न: "पीठ तुमच्याकडेच मळता का, आणि किती वेळ आंबवता?" 'काल सकाळी मळलंय, फ्रिजमध्ये असतं' किंवा 'दोन दिवस ठेवतो' असं ठोस उत्तर आलं तर काम होतंय. 'एकदम ताजं, ऑर्डर आली की मळतो' हे उत्तर ऐकायला छान, पण पिझ्झ्याच्या बाबतीत ती धोक्याची सूचना. तासाभरात पीठ फुगवायचं तर यीस्ट जास्त घालावं लागतं. मग कडेला यीस्टचा उग्र वास येतो, रंग फिका राहतो आणि गार झाल्यावर ती वातड होते. फ्रिजमध्ये २४ ते ७२ तास ठेवलेल्या पिठात यीस्ट अगदी थोडं पुरतं. पिठातली एंझाइम स्टार्चची साखर करत राहतात, त्यामुळे चव खुलते आणि कडेला नीट तांबूस रंग येतो.

दुसरा प्रश्न: "आज सूप कोणतं आहे, आणि स्टॉक कशाचा?" जिथे स्टॉक केला जातो तिथे याचं उत्तर एका वाक्यात मिळतं. 'थांबा, विचारून सांगतो' हेही चालेल. 'स्टॉक म्हणजे?' असं आलं तर सूप सोडून पिझ्झ्याचाच विचार करा.

शाकाहारी मंडळींनी हा प्रश्न टाळूच नये. भाज्यांचं सूप चिकन स्टॉकवर केलेलं असणं सर्रास घडतं. अस्सल पार्मेजान चीजमध्ये दूध घट्ट करण्यासाठी वासराच्या जठरातलं रेनेट वापरलं जातं आणि काही ठिकाणी टोमॅटो सॉसमध्ये अँकोव्ही हा मासा असतो. ग्लुटेन चालत नसेल तर घट्ट सुपात मैदा आहे का तेही विचारा, कारण मैदा लोण्यात परतून सूप दाट करण्याची पद्धत जुनी आहे.

४. वेळ साधा

उघडल्या उघडल्या पहिला पिझ्झा मागवू नका. ओव्हनमधली हवा लवकर तापते, पण पिझ्झा ज्यावर भाजतो तो खालचा दगड नीट तापायला पाऊण-एक तास सहज लागतो. तेवढ्यात घातलेला पिझ्झा वरून झालेला दिसतो आणि खाली पांढराच राहतो. ऐन गर्दीतही हाच प्रकार होतो, कारण एकामागून एक पिझ्झे पडले की दगड निवतो. गर्दी सुरू होण्याच्या जरा आधीची वेळ सगळ्यांत चांगली.

सुपासाठीही तीच वेळ बरी. दिवसभर गरम ठेवलेलं सूप आटत जातं. रात्री उशिरा ते खारट होतं, भाज्यांचा लगदा झालेला असतो आणि शेवया फुगून सगळं पाणी पिऊन बसलेल्या असतात. काल केलेलं सूप मात्र लगेच नाकारू नका. बीन्सचं किंवा मांसाचं दाट सूप दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं. ते पटकन गार करून ठेवलेलं आणि नंतर पुन्हा कडक गरम केलेलं हवं, एवढीच अट. गरम ठेवलेलं सूप ६० अंशांच्या वर असलं पाहिजे. कोमट वाटी आली तर संकोच न करता परत पाठवा, कारण कोमट तापमानातच जिवाणू झपाट्याने वाढतात.

५. सगळ्यांत साधा पिझ्झा मागवा

पहिल्या भेटीत मार्गारिटा किंवा नुसता चीज पिझ्झा मागवा आणि सुपाची लहान वाटी. सहा टॉपिंगच्या खाली कच्चं पीठ, पाणीदार सॉस, हलकं चीज असं काहीही लपतं. शिवाय मशरूम, कांदा, टोमॅटो पाणी सोडतात. मग मधला ओलेपणा भाज्यांचा की भट्टीचा, हे ठरवता येत नाही.

६. पिझ्झा उलटून बघा

खरंच उलटा. काट्याने तुकडा उचला आणि तळ पाहा. हलका तपकिरी रंग आणि मधूनमधून गडद ठिपके असावेत. सगळा तळ पांढरा असेल तर दगड गार होता. काळी पूड बोटाला लागत असेल आणि चव कडू असेल तर गोळा लाटताना वापरलेलं कोरडं पीठ भट्टीत साचून जळलंय. हा झाडलोटीचा आळस, पिझ्झ्याच्या कृतीचा दोष नाही. तळावर जाळीची एकसारखी नक्षी दिसली तर पिझ्झा जाळीवर ठेवून, बहुधा सरकत्या पट्ट्याच्या ओव्हनमध्ये भाजलेला आहे. तोही खाण्याजोगा असतो, मात्र दगडाचा खरपूसपणा त्यात येत नाही.

आता तुकडा आडवा कापून कडेने बघा. सॉसच्या लगेच खाली चिकट, अर्धपारदर्शक, कच्च्या पिठाचा थर दिसतो का? सॉस पातळ असला, तो फार थापला किंवा पिठाचा गोळा फ्रिजमधून काढून लगेच पसरला की हा थर राहतो. अनेकजण याला 'चीजचा मऊपणा' समजून खातात. पोट जड होण्याचं श्रेय मात्र चीजला मिळतं.

चीज ताणलं गेलं म्हणजे चांगलं, हा समज सोडा. ताण येतो, पण दुधाची चवही हवी. तेलापासून केलेलं नकली चीज एकसारखं चकचकीत दिसतं, त्यावर भाजल्याचे डाग नीट उठत नाहीत आणि गार झाल्यावर ते रबरी पापुद्र्यासारखं एका तुकड्यात सोलून निघतं. ताजं पांढरं मोझरेला निथळून न घेता घातलं तर मध्यभागी पाण्याचं डबकं होतं. ती घाईची चूक, माल मात्र चांगला. सॉससाठी डब्यातले टोमॅटो वापरले म्हणून नाक मुरडू नका. पूर्ण पिकल्यावर भरलेले डब्यातले टोमॅटो हंगामाबाहेरच्या ताज्या टोमॅटोपेक्षा केव्हाही सरस. सॉस केचपसारखा गोड लागला तर मात्र समजायचं ते समजा.

शेवटी एक तुकडा दहा मिनिटं ताटलीत तसाच ठेवा आणि मग खा. नीट आंबलेल्या पिठाची कड गार झाल्यावरही दाताखाली सहज तुटते. घाईच्या पिठाची तुटता तुटत नाही.

७. सूप ओठांवर तपासा

हाडांच्या स्टॉकमध्ये कोलाजेनचं जिलेटिन होतं. कोंबडीच्या हाडांना तीन-चार तास लागतात, मोठ्या जनावरांच्या हाडांना सहा ते आठ. असं सूप प्यायल्यावर ओठ एकमेकांना किंचित चिकटतात. पावडरच्या सुपात हे होत नाही. त्यात आधी मीठ लागतं, मग एक सपाट चव येते आणि अर्ध्या तासात तहान लागते. भाज्यांच्या स्टॉकला चिकटपणा नसतो. तिथे कांदा, सेलरी, गाजर यांची चव वेगवेगळी ओळखू येते का ते बघा. माशांचा स्टॉक अर्ध्या-पाऊण तासाचाच असतो. जास्त उकळला की कडवट होतो.

भाज्यांचे तुकडे बघा. सगळे एका मापाचे, धारदार चौकोन असतील तर ते बहुधा कारखान्यातून आलेत. हाताने चिरलेले थोडे लहानमोठे असतात. बटाटा रवाळ आणि स्पंजासारखा लागला तर सूप गोठवून आणलेलं आहे, कारण बटाट्याला गोठवणं मानवत नाही.

दाट सुपात चमचा फिरवा. पारदर्शक, बुळबुळीत चकाकी म्हणजे कॉर्नफ्लोअर. असं सूप खाता खाता पातळ होत गेलं तर चमच्याबरोबर वाटीत जाणारी लाळ त्यातला स्टार्च मोडते आहे. घोटलेल्या भाजीच्या दाटपणावर याचा फारसा परिणाम होत नाही. जिभेला कच्चं पीठ जाणवलं तर मैदा पुरेसा परतला नाही. क्रीम सुपात बारीक फाटलेले कण दिसले तर ते क्रीम घातल्यावर जोरात उकळलंय.

८. पार्सल न्यायचं असेल तर

पिझ्झा कापू नका असं सांगा, कारण कापलेल्या फटींतून सॉस तळाशी उतरतो. खोक्याचं झाकण थोडं उघडं ठेवा. आतली वाफ पंधरा मिनिटांत कड मऊ करते. घरी मायक्रोवेव्हमध्ये घातला की पीठ चिवट होतं. त्याऐवजी जाड तळाच्या तव्यावर मध्यम-मंद आचेवर तीन-चार मिनिटं ठेवा, शेवटच्या मिनिटाला तव्याच्या कडेला पाण्याचे चार थेंब टाकून झाकण ठेवा. तळ कुरकुरीत होतो आणि चीजही वितळतं.

सुपातल्या शेवया किंवा भाजलेले पावाचे तुकडे वेगळे बांधून मागा. पातळ सूप चांगली उकळी येईपर्यंत गरम करा. क्रीमचं सूप जोरात उकळलं की फाटू शकतं, म्हणून ते मंद आचेवर ढवळत राहा आणि सगळीकडून सारखी वाफ आली की उतरवा.