दोन एसयूव्हींमधून एक निवडताना
तुलना करताना जाहिरातीतली सुरुवातीची किंमत बाजूला ठेवून, आपण खरोखर घेणार आहोत त्याच व्हेरिअंटची विमा आणि नोंदणीसह होणारी एकूण किंमत समोर ठेवावी. टेस्ट ड्राइव्हला घरच्या सगळ्यांना न्यावे, कारण एकट्याने चालवताना दमदार वाटणारे छोटे इंजिन माणसे आणि सामान भरल्यावर चढावर धापा टाकू शकते. चालकाची सीट आपल्या उंचीप्रमाणे लावून लगेच तिच्याच मागे बसावे, म्हणजे गुडघ्यांपुढे किती जागा उरते ते नेमके कळते. मागे मध्ये बसणाऱ्याला खांद्यावरून येणारा सीटबेल्ट आणि हेडरेस्ट आहे का, हेही तेव्हाच पाहावे. तिसरी रांग असल्यास ती उघडी ठेवूनच डिकी तपासावी. बजेट अपुरे पडत असेल, तर सनरूफ सोडावे. ईएससी (गाडी घसरू लागल्यास तिला ताब्यात ठेवणारी यंत्रणा) आणि पडदा एअरबॅग (धडकेत खिडक्यांच्या बाजूने उघडून डोके वाचवणाऱ्या) मात्र अजिबात सोडू नयेत.