सशिणीची नसबंदी नेमकी कधी करावी?

आमची कापशी साडेपाच महिन्यांची असताना एका सकाळी तोंडात वाळलेल्या गवताची जुडी आडवी धरून घरभर फिरायला लागली. दोन्ही बाजूंनी गवत लोंबत होतं, जणू झुपकेदार मिशाच. कपाटामागच्या कोपऱ्यात जुडी ठेवायची, परत यायची, नवी जुडी उचलायची. दुपारपर्यंत तिने गळ्याखालचे आणि पोटावरचे केस स्वतःच उपटून त्या गवतावर मऊ गादी घातली. घरात नर नव्हता. ही होती खोटी गर्भधारणा. त्याच आठवड्यात तिची नसबंदी करून घ्यायचं मी ठरवलं होतं. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि महिनाभर थांबायला सांगितलं. तोवर ‘सहा महिने झाले की करून टाकायची’ एवढंच माझ्या डोक्यात होतं. वयाला महत्त्व आहेच, पण नेमका दिवस ठरवताना वयासोबत आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात: तिची त्या वेळची तब्येत आणि डॉक्टरांचा सशांवर बसलेला हात.

१. आधी ती मादीच आहे ना, हे तपासून घ्या

पिल्लू लहान असताना नर-मादी ओळखण्यात चूक अगदी सहज होते. विकणाऱ्याने किंवा देणाऱ्याने सांगितलेल्यावर विसंबू नका, डॉक्टरांकडून बघून घ्या. नराचे वृषण साधारण १० ते १२ आठवड्यांत खाली उतरतात, मग शंका राहत नाही. नराची शस्त्रक्रिया सोपी असते आणि साडेतीन-चार महिन्यांतही होते.

भावंडं एकत्र वाढत असतील तर १० आठवड्यांच्या सुमारास नर आणि माद्या वेगळे करा. नसबंदीची तारीख ठरेपर्यंत थांबू नका. सशिणीला ठरावीक दिवसांची पाळी नसते, नराशी संबंध आला की त्यानंतर बीज सुटतं. गर्भ अवघ्या ३१ दिवसांच्या आसपास पूर्ण वाढतो आणि व्यायल्याच्या दिवशीच ती पुन्हा गाभण राहू शकते.

२. वयाचा अंदाज बांधा

लहान जातीच्या माद्या ४ ते ५ महिन्यांत वयात येतात. फ्लेमिश जायंटसारख्या मोठ्या जातींना त्याहून बरेच महिने जास्त लागतात. लहान आणि मध्यम चणीच्या सशिणीसाठी ५ ते ६ महिन्यांचं वय बहुतेक डॉक्टरांना सोयीचं वाटतं. मोठ्या जातीसाठी थोडं पुढे जायला हरकत नाही.

वयात आल्याची चिन्हं घरातच दिसतात. आजवर मांडीजवळ येऊन बसणारी सशीण पिंजऱ्यात हात घातला की गुरगुरते, पुढच्या पायांनी फटका मारते, पायांभोवती गोल फिरते, इकडेतिकडे लघवीची पिचकारी मारते. पुष्कळ जण इथे ‘ही चिडकी निघाली’ म्हणून तिला देऊन टाकतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. हा तिचा स्वभाव नव्हे. शरीरात हार्मोन्सची उलथापालथ चालू असते आणि नसबंदीनंतर काही आठवड्यांत बरंचसं निवळतं.

चार महिन्यांच्या आत सहसा घाई करू नये. उलट फार उशीर केला तर गर्भाशयाच्या आधारपडद्यात चरबी साठत जाते, त्यातल्या रक्तवाहिन्या नीट दिसत नाहीत आणि डॉक्टरांचं काम अवघड होतं. म्हणून वर्षाच्या आत झालेली बरी.

३. मुळात करायची का, हे मनाशी पक्कं करा

‘आमच्याकडे एकच आहे, नर नाहीच, मग कशाला?’ असं खूप जण विचारतात. कारण आहे गर्भाशयाचा कर्करोग. वयस्क सशिणींमध्ये तो फार आढळतो. काही जातींच्या चार वर्षांपुढच्या माद्यांत निम्म्याहून अधिकींना तो झाल्याचं दिसलं आहे. तो हळूहळू वाढतो, बाहेरून काही कळत नाही आणि पुढे फुफ्फुसांपर्यंत पोहोचू शकतो. नसबंदीत गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय काढून टाकले की हा धोकाच उरत नाही. वारंवार होणारी खोटी गर्भधारणाही थांबते.

एक गोष्ट लक्षात असू द्या. सशिणीला मासिक रक्तस्राव होत नाही. त्यामुळे मागच्या बाजूला रक्त दिसलं तर ‘पाळी आली असेल’ असं म्हणून सोडून देऊ नका. काही पाला खाल्ल्यानेही लघवी लालसर होते हे खरं, पण तो रंग आहे की रक्त, हे डॉक्टर लघवी तपासून सांगतील. आपण घरी अंदाज बांधायचा नाही.

४. डॉक्टर निवडा आणि हे प्रश्न विचारा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कुत्र्या-मांजरांच्या शस्त्रक्रियेत मुरलेला डॉक्टर सशाला भूल देण्यातही तितकाच तयार असेल असं नाही. सशाचं तोंड अरुंद, घसा खोलवर, त्यामुळे श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जातं. शरीराचं तापमानही भुलेखाली झपाट्याने उतरतं.

पहिला प्रश्न: सशांच्या नसबंद्या तुम्ही नेहमी करता का? दुसरा: आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं का? याचं उत्तर ‘हो’ आलं तर मी तरी दुसरा डॉक्टर शोधेन. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे भुलेत अन्न वर येण्याची भीती नसते. त्याचं आतडं मात्र सतत चालू राहावं लागतं. ते थांबलं तर जिवावर बेततं. तोंडात घास राहू नये म्हणून तासभर खाणं काढून घेतात, तेवढं ठीक.

तिसरा: वेदनाशामक किती दिवस देणार? एक इंजेक्शन देऊन घरी पाठवणं पुरेसं नाही. दुखत असेल तर ससा खात नाही आणि खाल्लं नाही की आतडं मंदावतं. चौथा: कोणतं प्रतिजैविक देणार? तोंडावाटे अमॉक्सिसिलिन सशाला चालत नाही. त्याने पोटातले उपयोगी जीवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो. असे प्रश्न विचारले म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही.

५. आता दिवस ठरवा

ठरलेल्या तारखेच्या आधी आठवडाभर रोज तिला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला आणि लेंड्यांवर नजर ठेवा. लेंड्या गोल, कोरड्या, जवळपास एकाच आकाराच्या आणि भरपूर असल्या पाहिजेत. लहान, वेड्यावाकड्या किंवा केसांत माळेसारख्या ओवलेल्या दिसल्या तर डॉक्टरांना आधी कळवा.

शिंका येत असतील, नाकातून चिकट पाणी येत असेल, जुलाब झाले असतील, ती नुकतीच घरी आली असेल, तर तारीख पुढे ढकला. खोटी गर्भधारणा १६ ते १८ दिवस चालते. त्या काळात स्तनग्रंथी फुगलेल्या असतात, गर्भाशयाकडे रक्तही जास्त वाहतं. ते सगळं ओसरू द्यावं. पिल्लं पीत असतील तर ती सुटून दूध आटेपर्यंत थांबा. फार लठ्ठ असेल तर आधी वजन उतरवणं बरं, आणि तेही सावकाश.

शिवाय तुमची स्वतःची दोन दिवसांची सुट्टी बघा. ‘सकाळी करून आणली आणि दुपारी कामावर गेलो’ असं सशाच्या बाबतीत चालत नाही.

सशीण तीन-चार वर्षांची झाली असेल तरी दार बंद झालेलं नाही. आधी रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. मग जोखीम किती हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

६. घरी आणल्यावर

शस्त्रक्रियेला नेताना तिचं रोजचं गवत आणि आवडता पाला सोबत द्या. शुद्धीवर आली की ओळखीचा वास लागतो, खायला लागते. कापशीने घरी आल्यावर तीन तास कशालाच तोंड लावलं नाही. कान मागे पाडून, पाठ गोल करून कोपऱ्यात बसली होती. मी एकेक पान तिच्या ओठांना लावत राहिले. अखेर एकाचं टोक कुरतडलं. रात्री अकराच्या सुमारास पहिल्या पाच लेंड्या पडल्या, मी त्या मोजल्या आणि मगच झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खाणं सुरू झालं नाही किंवा १२ तासांत एकही लेंडी पडली नाही, तर थांबू नका, डॉक्टरांना फोन करा. दात करकर वाजवत असेल तर दुखतंय असं समजा. वेदनाशामक डॉक्टरांनीच दिलेलं द्या, माणसांच्या गोळ्या अजिबात नकोत.

खाली भुशाऐवजी स्वच्छ कापड किंवा कागद अंथरा. उंच कप्पे काढून टाका. टाके दिवसातून दोनदा बघा: सूज, ओल, वास किंवा उघडलेली कड दिसली तर लगेच दाखवा. गळ्यात प्लास्टिकची कॉलर शक्यतो टाळा, कारण ससे आपल्या मऊ लेंड्या थेट गुदद्वारापासून खातात आणि कॉलरमुळे ते जमत नाही. जखम सहसा ७ ते १० दिवसांत भरते.

जोडीदार नर असेल आणि त्याचीही नसबंदी नुकतीच झाली असेल, तर दोघांना जाळीच्या दोन बाजूंना ठेवा. एकमेकांचा वास येत राहील. त्याच्यात आणखी चार ते सहा आठवडे बीज शिल्लक असतं, पण ही आता गाभण राहणार नाही, तेव्हा ती काळजी नको. काळजी टाक्यांची आहे: तो अंगावर चढला तर ते तुटू शकतात. तिची जखम पूर्ण भरली असं डॉक्टरांनी बघून सांगितल्यावरच जाळी काढा.