मंदी, हुकूमशहा आणि दुसरं महायुद्ध : उत्तर लिहिताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या मुलांचे जागतिक इतिहासाचे सराव पेपर मी बरीच वर्षं तपासतोय. "आर्थिक अरिष्ट आणि हुकूमशाही यांतून दुसरं महायुद्ध कसं घडलं" हा प्रश्न पडला की बहुतेक पेपर एकाच चित्राने सुरू होतात. जर्मनीत लोक हातगाडीत नोटा भरून पाव आणायला जायचे. मग बाण, लोक चिडले, बाण, हिटलर आला, बाण, युद्ध झालं. संपलं उत्तर.

हसू नका, मी स्वतः दोन वर्षं फळ्यावर हेच बाण काढून शिकवलंय. मग एका बॅचमधल्या मुलीने मागच्या बाकावरून विचारलं, "सर, महागाई 23 ला संपली आणि हा बाबा 33 ला आला, मग मधली दहा वर्षं लोक नुसते चिडून बसले होते का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या लेक्चरला सांगतो म्हणून वेळ मारून नेली आणि घरी येऊन पुस्तकं काढली, आणि तेव्हा कळलं की घोडं नेमकं तिथेच पेंड खातंय.

चूक पहिली आणि सगळ्यात मोठी : 1923 ची महागाई आणि 1930 ची मंदी एकाच टोपलीत टाकणं

या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट आहेत. 1923 च्या जानेवारीत फ्रान्स आणि बेल्जियमचं सैन्य जर्मनीच्या रूर या कोळसा-कारखान्यांच्या भागात घुसलं, कारण पहिल्या महायुद्धाच्या भरपाईपोटी ठरलेला कोळसा आणि लाकूड जर्मनी वेळेवर देत नव्हता. जर्मन सरकारने कामगारांना सांगितलं काम बंद ठेवा, पगार आम्ही देतो, आणि तो पगार द्यायला नोटा छापल्या, छापल्या म्हणजे इतक्या छापल्या की नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला 4 लाख 20 हजार कोटी मार्क पडायला लागले. (इथे मुलं आकड्यात हमखास शून्य खातात. जर्मन भाषेतला एक बिलियन म्हणजे आपले एक लाख कोटी, इंग्रजीतला बिलियन म्हणजे शंभर कोटी. कुठून आकडा उचलताय ते बघून मगच लिहा.)

मग त्याच नोव्हेंबरमध्ये रेन्टनमार्क नावाचं नवं चलन आणलं, एक नवा मार्क म्हणजे एक लाख कोटी जुने, आणि काही आठवड्यांत भाव थांबले. हिटलरने याच महिन्यात म्युनिकमध्ये बंड करून बघितलं, ते एका रात्रीत फसलं, तो जेलमध्ये गेला. पुढे 1928 च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला मतं किती, तर 2.6 टक्के. जागा 12. म्हणजे हातगाडीवाल्या नोटांनी हिटलर आला असं म्हणायचं तर ही निवडणूक आधी समजावून सांगावी लागेल.

1930 नंतर जे झालं त्यात भाव वाढत नव्हते, पडत होते. महागाईत खिशात नोटा भरपूर पण त्यांना किंमत नाही, मंदीत नोटेला किंमत आहे पण खिशात नोटच नाही. 1924 नंतर जर्मनीचा सगळा डोलारा अमेरिकेच्या कर्जावर उभा होता, त्यातलं बरंच कमी मुदतीचं, आणि ऑक्टोबर 1929 ला न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळल्यावर ते पैसे परत मागितले जायला लागले. मे 1931 मध्ये व्हिएन्नाची क्रेडिटान्स्टाल्ट बँक बुडाली, जुलैत जर्मनीची डानाट बँक बसली आणि सरकारला सगळ्याच बँका काही दिवस बंद ठेवायला लागल्या. 1932 च्या सुरुवातीला नोंदणी झालेले बेकारच 60 लाखांच्या वर होते.

आता यावर चान्सलर (म्हणजे त्यांचा पंतप्रधान) ब्र्यूनिंगने काय केलं? पगार कापले, बेकारी भत्ता कापला, कर वाढवले. आजारी माणसाला उपास घडवावा तसं. तुम्ही म्हणाल थोड्या नोटा छापायच्या होत्या की. तेच तर! 1923 ची धास्ती एवढी होती की नोटा छापा म्हणणारा माणूस वेडा ठरायचा, वर चलन सोन्याला बांधलेलं, भरपाईच्या करारात तसं कबूल केलेलं. म्हणजे 1923 चा आणि हिटलरचा संबंध आहे, पण तो असा आडवळणाने आहे. महागाईने त्याला निवडून दिलं नाही, महागाईच्या आठवणीने मंदीतल्या सरकारचे हात बांधले. हे एक वाक्य उत्तरात आलं ना, तपासणारा माणूस पेन खाली ठेवून पुन्हा वाचतो. मी तरी वाचतो.

"सगळं व्हर्सायमुळे"

हे थोडक्यात. व्हर्साय म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेला तह, भरपाई त्यातलीच. 1921 मध्ये भरपाईचा आकडा 13,200 कोटी सुवर्ण मार्क ठरला हे सगळे लिहितात. पण त्यातले 8,200 कोटी अशा रोख्यांत टाकले होते की ते कधी वसूल होतील असं ठरवणाऱ्यांनाही फारसं वाटत नव्हतं, खरी मागणी 5,000 कोटींची. नंतर हप्ते हलके करायला 1924 ला डॉज योजना, 1929 ला यंग योजना, 1931 ला अमेरिकेचे अध्यक्ष हूवर यांनी वर्षभराची स्थगिती दिली आणि 1932 च्या उन्हाळ्यात लोझानच्या परिषदेत भरपाई जवळजवळ गुंडाळूनच टाकली. हिटलर सत्तेत यायच्या सहा महिने आधी! व्हर्सायचा राग खरा होता, प्रचारात तो उपयोगी पडला, पण भरपाईच्या हप्त्यांनी जर्मनी 1933 मध्ये पिचला होता असं लिहिलंत तर ते चूक आहे.

"जनतेने बहुमताने हिटलरला निवडून दिलं"

नाही दिलं. मोकळ्या निवडणुकीत त्याला कधीच निम्मी मतं मिळाली नाहीत. सप्टेंबर 1930 ला 107 जागा, जुलै 1932 ला 230 जागा आणि 37 टक्के मतं, हा त्याचा कळस. पण त्याच नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली तेव्हा 34 जागा आणि वीसेक लाख मतं गेली, पक्षाची तिजोरी रिकामी, कार्यकर्ते गळायला लागलेले. त्या वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षपदालाही तो हिंडेनबर्गकडून हरलाच होता.

आणि दुसरी उपचूक, बेकारांनी त्याला मतं दिली. बेकार कामगार जास्त करून कम्युनिस्टांकडे गेले. नाझींचा जोर होता तो प्रोटेस्टंट खेड्यांत, छोटे शेतकरी, दुकानदार, कारकून अशा लोकांत, म्हणजे ज्यांचं अजून सगळं गेलेलं नव्हतं पण उद्या जाईल अशी भीती होती त्यांच्यात.

मग आला कसा? तर मागच्या दाराने. आणि हे दार एका दिवसात उघडलेलं नाही. मार्च 1930 मध्ये जर्मनीत पाच पक्षांचं सरकार होतं, ते पडलं कशावरून, तर बेकारी विम्याचा हप्ता अर्ध्या टक्क्याने वाढवायचा की नाही यावरून. अर्धा टक्का! त्यानंतर संसदेत बहुमत असलेलं सरकार झालंच नाही. राज्यघटनेतलं कलम 48 वापरून राष्ट्राध्यक्षाच्या सहीने वटहुकूम निघायचे, 1932 मध्ये संसदेने जेमतेम 5 कायदे केले, बाकी राज्य वटहुकमांवर. थोडक्यात हिटलर यायच्या आधीच लोकांना संसदेशिवाय चालणाऱ्या कारभाराची सवय लागली होती. ही पायरी मुलं सगळ्यात जास्त वेळा खातात.

जानेवारी 1933 मध्ये फॉन पापेन, ज्याची स्वतःची चान्सलरची खुर्ची नुकतीच गेली होती, त्याने म्हाताऱ्या हिंडेनबर्गला पटवलं की हिटलरला चान्सलर करू, मी उपचान्सलर होतो, मंत्रिमंडळात नाझी फक्त तीन ठेवू, त्याला बरोबर वेसण घालू. 30 जानेवारीला शपथविधी झाला. 27 फेब्रुवारीला संसदेची इमारत जळली, दुसऱ्या दिवशी नागरी हक्क स्थगित. 23 मार्चला सगळे अधिकार सरकारला देणारा कायदा, कम्युनिस्ट खासदार तोवर तुरुंगात नाहीतर पळालेले, सभागृहात एसए म्हणजे नाझी पक्षाच्या गणवेशातल्या टोळ्या उभ्या, आणि तरीही सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या हजर असलेल्या 94 जणांनी विरोधात मत दिलं. त्यांचा नेता ओटो वेल्स भाषणाला उभा राहिला तेव्हा त्याला आपण घरी परत जाऊ की नाही याचीही खात्री नसणार. हा 94 चा आकडा लिहाच.

व्हॉट्सॲपवरची चूक : "काही म्हणा, देश तर सुधारला ना"

दर दोन महिन्यांनी कुठल्यातरी ग्रुपवर येतंच, की हिटलरने बेकारी संपवली आणि ऑटोबान म्हणजे मोटाररस्ते बांधले. पहिली गोष्ट, कोलोन ते बॉन हा मोटाररस्ता ऑगस्ट 1932 मध्येच सुरू झाला होता, कोलोनचे महापौर आडेनाउअर यांनी तो उघडला, तेव्हा हिटलर सत्तेतही नव्हता. दुसरी, मंदीचा तळ 1932 लाच गाठून झाला होता. तिसरी, बेकारीचा आकडा खाली आला त्यात नोकऱ्यांतून काढलेल्या विवाहित बायका आणि ज्यू लोक बेकार म्हणून मोजलेच जात नव्हते, 1935 पासून सक्तीच्या सैन्यभरतीत पोरं गेली ती वेगळीच.

आणि पैसा कुठून आला? ऋण काढून सण. रिझर्व बँकेसारखी त्यांची जी राइशबँक, तिचा प्रमुख शाख्ट याने मेफो नावाची एक कागदी कंपनी उभी केली. शस्त्रं बनवणाऱ्या कारखान्याला सरकार पैसे देणार नाही, मेफोची हुंडी देणार, ती हुंडी राइशबँक वटवणार. सरकारी हिशेबात कर्ज दिसतच नाही, जगाला कळत नाही तोफा किती झाल्या. आपल्याकडे उधारीची वही दुकानदार गल्ल्याखाली लपवून ठेवतो ना, अगदी तसं, फक्त इथे दुकान म्हणजे सगळा देश. पण हुंडीने बाहेरचं लोखंड, रबर, तेल येत नाही, त्याला परकीय चलन लागतं. 1935-36 च्या सुमारास लोण्याची आणि चरबीची टंचाई व्हायला लागली. इथे दोन रस्ते होते, शस्त्रं कमी करायची किंवा दुसऱ्याचं ओरबाडायचं. 1936 च्या चार वर्षांच्या योजनेत हिटलरने लिहून ठेवलं की सैन्य आणि अर्थव्यवस्था चार वर्षांत युद्धाला तयार पाहिजे. मार्च 1938 ला ऑस्ट्रिया गिळला तेव्हा तिथलं सोनंही घेतलं. जानेवारी 1939 मध्ये राइशबँकेने लेखी इशारा दिला की हा खर्च झेपत नाही, तर शाख्टलाच घरी पाठवलं.

म्हणून "मंदीने कंगाल झालेला जर्मनी युद्धाला निघाला" हे वाक्य खोडून टाका. 1939 ला तिथे बेकारी नव्हती, कामगार कमी पडत होते. आणि कर्जामुळे नाइलाजाने युद्ध केलं असंही नका लिहू, पूर्वेकडची जमीन बळकावायची हे त्याच्या डोक्यात पहिल्यापासून होतं, पैशाच्या ओढाताणीने फक्त घाई झाली. यावर इतिहासकारांत वाद आहे, माझं मत मी सांगितलं.

जपान आणि इटलीला एका ओळीत उरकणं

मुसोलिनी 1922 ला आला. मंदीच्या सात वर्षं आधी. त्यामुळे "मंदीमुळे इटलीत हुकूमशाही" लिहिलं की मार्क गेलेच. जपानचं उलट, मंदीत अमेरिकेने रेशीम घेणं कमी केलं, रेशमाचे भाव कोसळले, रेशमाच्या किड्यांवर जगणारे शेतकरी देशोधडीला लागले आणि त्याच घरांतली पोरं सैन्यात होती. 18 सप्टेंबर 1931 ला लष्कराने टोकियोच्या सरकारला न विचारता चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियात कारवाई सुरू केली, आणि त्यानंतर तीनच दिवसांनी ब्रिटनने पौंड सोन्यापासून तोडला. जगाचं लक्ष कुठे होतं ते यावरून कळेल.

पण जपान मंदीतून लवकर बाहेरही आला. अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो यांनी येन सोन्यापासून सोडवला, सरकारी खर्च वाढवला, गाडी रुळावर आली. मग त्यांनी लष्कराचा खर्च आवरायला घेतला आणि 26 फेब्रुवारी 1936 च्या पहाटे तरुण अधिकाऱ्यांनी त्यांना घरात घुसून मारलं. चीनशी मोठं युद्ध जुलै 1937 ला सुरू झालं, म्हणजे कारखाने जोरात असताना. जर्मनीसारखंच.

आणि अमेरिकेतही दर चारात एक माणूस बेकार होता, तिथे रूझवेल्ट आला, हिटलर नाही. हे वाक्य उत्तरात कुठेतरी पेरा, नाहीतर मंदी झाली की हुकूमशहा येतोच असा बादरायण संबंध लागतो.

आपल्याकडची एक चूक, आणि वळीवडे

"भारत दोस्त राष्ट्रांच्या बाजूने उतरला" असं लिहितात. भारत उतरला नाही, उतरवला. 3 सप्टेंबर 1939 ला व्हाइसरॉय लिनलिथगोने कुणालाही न विचारता जाहीर केलं, आणि त्या निषेधात प्रांतांतली काँग्रेस मंत्रिमंडळं बाहेर पडली, मुंबईचं बाळासाहेब खेरांचंही.

दुसरं, पोलंडवर फक्त जर्मनी चालून गेला असं धरून चालतात. 23 ऑगस्टला हिटलर आणि स्टालिनचा करार झाला होता, 1 सप्टेंबरला पश्चिमेकडून जर्मनी घुसला आणि 17 सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत रशिया. तिथली लाखो माणसं रशियाने उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकली. 1941 ला जर्मनी रशियावरच उलटल्यावर त्यांना सोडलं, ती इराणमार्गे जगभर पांगली आणि त्यातली पाचेक हजार, बरीचशी बाया आणि पोरं, 1943 पासून कोल्हापूरजवळ वळीवड्याच्या छावणीत राहिली, 1948 पर्यंत. कोल्हापुरात त्यांचं स्मारकही आहे. माझ्या बॅचला दरवर्षी तीन-चार मुलं तरी कोल्हापूरकडची असतात, त्यांना 17 सप्टेंबर ही तारीख पाठ करून घ्यायला लागत नाही, वळीवडे म्हटलं की त्यांचं ती पोलिश माणसं इथे आली कशी हे शोधणं आपोआप सुरू होतं.