जुन्या व्हॅनमधील बॅटरीचा लाल दिवा : दोष कसा शोधावा

इंजिन सुरू झाल्यावरही डॅशबोर्डवरील बॅटरीचा लाल दिवा विझला नाही, की पुष्कळ जण आधी नवी बॅटरी आणतात. पण दिव्याची तक्रार बहुधा बॅटरीला चार्ज करणाऱ्या यंत्रणेविषयी असते, आणि तिच्यात दोष असेल तर नवी बॅटरीही लवकरच उतरते.

दिवा चालत्या व्हॅनमध्ये लागला, तर सुरक्षित जागी थांबून प्रथम अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे वीजजनित्र) फिरवणारा पट्टा पाहावा. अनेक जुन्या इंजिनांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो आणि काही डिझेल व्हॅनमध्ये ब्रेकला लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो; त्यामुळे पट्टा तुटला असेल तर व्हॅन पुढे नेऊ नये. पट्टा शाबूत असेल तर इंजिन बंद ठेवून दोन पुलींच्या मधोमध तो अंगठ्याने दाबावा. साधारण १० मिलिमीटरपेक्षा बराच जास्त दबला किंवा त्याच्या कडा काचेसारख्या चकाकत असतील, तर तो घसरत आहे असे समजावे.

यानंतर इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवावी. या वेळी दिवा लागलाच पाहिजे. अनेक जुन्या गाड्यांत या बल्बमधून जाणारा थोडासा प्रवाहच अल्टरनेटरच्या रोटरला, म्हणजे आत फिरणाऱ्या भागाला, सुरुवातीचे चुंबकत्व देतो. बल्ब उडाला असेल तर अल्टरनेटर जागाच होत नाही आणि इशाराही मिळत नाही.

आता व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर घ्यावा. काही तास उभ्या असलेल्या व्हॅनच्या पूर्ण चार्ज बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन सुरू करून थोडा वेग दिल्यावर हा आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढायला हवा. तो १५ च्या वर गेला तर व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर बिघडला आहे. तो चढलाच नाही, तर अल्टरनेटरला दोष देण्याआधी हेडलाइट लावून अल्टरनेटरचा जाड वायरचा टर्मिनल आणि बॅटरीचा धन टर्मिनल यांमधील फरक मोजावा, आणि तसाच अल्टरनेटरची बॉडी आणि ऋण टर्मिनल यांमधीलही. अर्ध्या व्होल्टच्या आसपास फरक दिसला तर दोष वायरिंगचा किंवा अर्थिंगचा आहे. माझ्या व्हॅनमध्ये रबरी टोपीखालच्या लगला (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीला) हिरवट थर चढला होता. पॉलिश पेपरने तो घासून नट आवळला, एवढ्यावर दिवा विझला. असे काम करताना ऋण टर्मिनल आधी सोडावा. मात्र अल्टरनेटर चालतो का हे पाहण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढण्याची जुनी युक्ती कधीही करू नये. व्होल्टेज उसळून अल्टरनेटरमधील डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जळतात.

दिवा मंद जळत राहिला तर संशय डायोडवर किंवा इग्निशन स्विचच्या झिजलेल्या संपर्कावर घ्यावा. वायरिंग निर्दोष निघाले, तरच अल्टरनेटर उतरवून कार्बन ब्रश पाहावेत. ते झिजून आखूड झाले असतील आणि ते ज्यांवर टेकतात त्या फिरत्या कड्या (स्लिप रिंग) गुळगुळीत असतील, तर नुसते ब्रश बदलून भागते.