कोकण-केरळच्या समुद्रतळाखाली तेल आहे का? तपासणी कुठून सुरू करावी

मुंबई हाय १९७४ मध्ये सापडलं; वेंगुर्ल्याच्या दक्षिणेचं केरळ-कोकण खोरं (समुद्रतळाखाली गाळाचे थर साचलेला खोलगट भाग) मात्र अजून रिकामंच, म्हणजे विकण्याजोगं तेल तिथे सापडलेलं नाही. अशा खोऱ्यासाठी नवं सर्वेक्षण मागण्याआधी मी जुन्या विहिरींचे कागद मागतो. ‘कोरडी’ असा शेरा वाचून थांबू नका, लॉग (खोलीनुसार खडकांची नोंद) उघडा. तेल साठवणारा वाळूखडकच लागला नाही, की विहीर सापळ्याबाहेर (तेल अडकून राहील अशा खडकरचनेबाहेर) पडली, की बेसाल्ट (थिजलेल्या लाव्ह्याचा खडक) लागताच खोदाई थांबली? तिसरं उत्तर आलं, तर त्या जागी खालचे थर कुणी पाहिलेलेच नाहीत.

खरी अडचण या बेसाल्टचीच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनी लाव्ह्याखाली मेसोझोइक (डायनासोरांच्या काळातला) गाळ दबला असेल, तरी सर्वेक्षणात खाली सोडलेल्या ध्वनिलहरींची बरीच ऊर्जा वरूनच परतते. म्हणून लांब केबलचा, कमी फ्रिक्वेन्सीचा सिस्मिक डेटा (त्या लहरींच्या प्रतिध्वनींची नोंद) घ्या आणि गुरुत्व व चुंबकीय नकाशे शेजारी ठेवूनच तो वाचा.

मग समोरचा किनारा पाहा. मादागास्कर सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी भारतापासून सुटलं. तिथल्या मोरोंडावा खोऱ्यात त्सिमिरोरोचं जड तेल आहे. आशा वाढते, पण पुरावा इथलाच लागतो: सेंद्रिय कार्बन किती, व्हिट्रिनाइट परावर्तन (खडक तेल बनण्याइतका तापला का, याचं माप) साधारण ०.६ ते १.३ टक्क्यांत आहे का, आणि तेल बनून खडकातून सरकण्याआधी सापळा तयार झाला होता का.

सोर्स (तेल बनवणारा खडक), साठवण, सापळा, झाकण (तेल वर निसटू न देणारा थर) यांच्या शक्यता गुणायच्या, सरासरी काढायची नाही. समजा ०.५, ०.६, ०.५, ०.६ धरल्या, तर हाती ०.०९ उरतं. यातला सर्वांत कच्चा आकडा ज्या डेटाने पक्का होईल, पुढचा पैसा त्यावरच घाला.