डार्ट लागल्यानंतरची दहा मिनिटं

नागपूरच्या व्हेटर्नरी कॉलेजातून वन्यजीवांकडे वळणाऱ्या मुलामुलींना डार्टगनचं, म्हणजे जनावराला लांबून गुंगीच्या औषधाची सुई मारणाऱ्या बंदुकीचं, फार आकर्षण असतं. नेम सरावाने बसतो, डोसचं गणित पुस्तकात मिळतं. हरीण हातचं जातं ते डार्ट लागल्यानंतर.

झायलाझिन-केटामाइन हे गुंगीच्या दोन औषधांचं मिश्रण चितळाच्या मांडीत नीट गेलं तरी गुंगी चढायला साधारण पाच ते दहा मिनिटं लागतात. डार्ट टोचताच चितळ उसळी मारून पळणारच. मागे कुणी लागलं नाही, तर ते बहुधा थोडं पुढे जाऊन थांबतं, वळून बघतं, मग मागचे पाय लटपटतात. नेमकं तेव्हाच कुणीतरी ओरडतं, "डॉक्टरसाहेब, पाहा ना, पडून राह्यलं!" अन् सारी गर्दी धावत सुटते.

फसगत इथेच होते. घाबरलेल्या जनावराच्या अंगात ॲड्रेनलिन वाढलं की झायलाझिनचा असर उणा पडतो. अर्धवट गुंगीतलं चितळ जीव खाऊन पळतं. विहिरीत पडतं, तारेत अडकतं, नाहीतर हायवेवर जातं. पकडलं गेलं तरी धोका टळत नाही. अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन मूत्रपिंडं निकामी करतं, लघवी काळ्या चहासारखी येते. सोडताना धडधाकट दिसलेलं हरीण काही दिवसांनी मरतं. हीच कॅप्चर मायोपथी, आणि तिच्यावर भरवशाचा इलाज नाही. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात तर दुपारी डार्ट मारूच नका. पहाटेची वेळ धरा.

म्हणून बंदूक भरण्याआधी विहिरी, कुंपणं, रस्ता पायी फिरून बघा आणि त्या बाजूंना माणसं उभी करा, गुपचूप. डार्ट लागला की घड्याळ लावा, दुर्बीण डोळ्याला लावा आणि जागचे हलू नका. दहा मिनिटं उलटूनही चितळ ताठ उभं असेल, तरच दुसऱ्या डार्टचा विचार. ही मिनिटं मला आजही जड जातात, गर्दीचं "काय झालं, काय झालं" अंगावर येतं. तुम्हालाही जड जातील. त्याने घाबरू नका, थांबणं सवयीने जमतं.

गुरू निवडताना माझं मत स्पष्ट आहे. नेमबाजीच्या गोष्टी सांगणाऱ्याच्या मागे लागू नका. खिशात थर्मामीटर ठेवणाऱ्याकडे शिका. जुन्या वनमजुरांना हरीण कुठल्या नाल्याने पळेल ते आधीच कळतं, त्यांच्याजवळ बसा. चार दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट इथे कामाला येत नाही. आणि मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय डार्टगनला हातही लावू नका, कुणी कितीही घाई करो.

चितळ आडवं झालं की आधी डोळे झाका, छातीवर बसवा, मान वर आणि नाक खाली ठेवा, म्हणजे पोट फुगत नाही आणि रवंथ श्वासनलिकेत जात नाही. ताप ४१ अंश सेल्सियसच्या वर गेला तर लगेच अंगावर पाणी ओता. योहिम्बिन टोचायची घाई करू नका. त्याने झायलाझिन उतरतं, केटामाइनला उतारा नाही; ते ओसरण्याआधी उठवलं तर चितळ धडपडत पुन्हा पळेल.